गरोदरपणातील झोप आणि झोपेची गोळी

“सातवा महिना लागला, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. सासूबाईंची अर्धी गोळी घेतली तर चालेल का?” हा प्रश्न आमच्या भगिनी हलक्या आवाजात विचारतात, आणि बहुधा गोळी घेऊन झाल्यावर विचारतात. म्हणून या वेळी गव्हाच्या पाण्याचा विषय बाजूला ठेवून या पानावर आम्ही झोपेचा विषय घेतला आहे.

आमचे उत्तर दोन भागांत आहे. ज्या भगिनीने गोळी अजून घेतलेली नाही, तिने दुसऱ्याच्या डबीतली अर्धीही घेऊ नये. पण जी दिवस राहण्यापूर्वीपासून रोज गोळी घेत आहे, तिने हा लेख वाचून आज रात्री ती बंद करू नये. हा दुसरा भाग लोक विसरतात आणि त्यातून अपाय होतो.

आपल्या भोपाळमध्ये कित्येक घरांतल्या वडीलधाऱ्यांची झोप १९८४ सालच्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री गेली. युनियन कार्बाइडच्या ज्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला, तेथे शेतीसाठी ‘सेविन’ हे कीटकनाशक बनत असे. शेतकरी वाचकांना हे नाव आठवत असेल. त्या वेळी गरोदर असलेल्या स्त्रियांचे काय झाले, याची पाहणी माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठाचे डॉ. दया वर्मा यांनी नऊ महिन्यांनी केली. ८६५ गरोदर स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के स्त्रियांच्या पोटी जिवंत मूल आले नाही. आणि जी बाळे जन्मली, त्यांतली शंभरातील चौदा पहिल्या महिन्यातच गेली.

अशा आईला झोप कशी लागावी? १९८५ साली बंगलोरच्या निम्हान्स संस्थेचे डॉ. श्रीनिवास मूर्ति आणि लखनौच्या मेडिकल कॉलेजातील मानसोपचार तज्ज्ञ येथे आले. झोप न येणे, दचकून उठणे, जीव घाबरणे या तक्रारी त्यांना वस्तीवस्तीत आढळल्या. दवाखान्यांतील साध्या डॉक्टरांना मनाचे दुखणे ओळखायला आणि रुग्णाशी बोलायला शिकवण्याचे काम तेव्हा सुरू झाले, कारण नुसत्या गोळीने दुःख जात नाही. त्या रात्री लहान असलेल्या मुली आज आजी झाल्या आहेत. ज्या घरात वयस्क माणसाची झोपेची गोळी असते, तेथे ती सुनेच्या हाताशीही असते.

झोपेची गोळी आणि गर्भ यांची एक जुनी, दारुण कहाणी आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची गोळी बाजारात आली. निर्धोक झोपेची गोळी म्हणून तिची जाहिरात झाली आणि मळमळीवर म्हणून ती गरोदर स्त्रियांनाही देण्यात आली. १९६१ च्या अखेरीस ती मागे घेईपर्यंत अनेक देशांत हजारो मुले अपुऱ्या हातापायांची जन्मली होती. आईच्या पोटातले औषध बाळापर्यंत पोहोचते, हे जगाला तेव्हा कळले.

आजच्या गोळ्या थॅलिडोमाइडसारख्या नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवे. डायझेपाम, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम या गोळ्यांमुळे बाळाचा ओठ वा टाळू दुभंगतो अशी भीती पूर्वी होती. पुढच्या मोठ्या पाहण्यांत ती तशी खरी ठरली नाही. धोका असलाच तर फार लहान आहे. तेव्हा नकळत दोन गोळ्या घेतलेल्या भगिनीने रडत बसू नये, पुढच्या तपासणीत डॉक्टरांना तेवढे सांगावे. खरी काळजी शेवटच्या महिन्यांची. त्या काळात रोज घेतलेली गोळी बाळाच्या अंगात साठते. मग ते जन्मतः मलूल असते, अंग सैल पडते, दूध नीट ओढत नाही, श्वास मंद चालतो. काही बाळे पुढचे काही दिवस थरथरतात आणि सारखी रडतात. प्रसूतीच्या वेळी डॉक्टरांना गोळीची माहिती असेल तर बाळावर लक्ष ठेवता येते, म्हणून ती लपवू नये. झोल्पिडेम ही नवी गोळी सौम्य म्हणून सांगितली जाते, पण गरोदरपणात तीही आपल्या मनाने घेण्याची नाही. २०१४ पासून या चारही गोळ्या कायद्याच्या ‘एच-१’ यादीत आहेत. दुकानदाराने चिठ्ठी पाहूनच त्या द्यायच्या आणि वेगळ्या वहीत नोंद ठेवायची. शेजारणीच्या पदरातून मिळालेल्या गोळीची नोंद कोण ठेवणार?

आता जी आधीपासून घेते तिच्याविषयी. शरीराला सवय झालेली गोळी एकदम काढून घेतली, तर हात थरथरतात, छाती धडधडते, झोप पूर्वीहून वाईट होते, कधी आकडीही येते, आणि आकडी आई व बाळ दोघांनाही घातक. अशा भगिनीने दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांकडे जावे. ते मात्रा थोडी थोडी उतरवत नेतात किंवा दुसरे औषध देतात. फेफरे किंवा उदासीनता यांवरच्या औषधांनाही हेच लागू आहे.

झोप का येत नाही, हे आधी पाहावे. पोटातले बाळ लाथा मारते, लघवीला उठावे लागते, हे चालायचेच. संध्याकाळनंतर पाणी थोडे कमी आणि दिवसा भरपूर प्यावे. छातीत जळजळत असेल तर जेवण निजण्याआधी दोन-तीन तास उरकावे आणि खाटेच्या डोक्याकडील पायांखाली एकेक वीट ठेवावी. सातव्या महिन्यापासून निजताना कुशीवर निजावे. जाग आली तेव्हा पाठीवर असलात तर घाबरू नका, कूस बदला.

पण एक कारण फार घरांत नजरेतून सुटते. निजले की पायांत काहीतरी सरपटल्यासारखे, आतून ओढल्यासारखे होते आणि पाय हलवले की बरे वाटते. पायात गोळे येणे वेगळे आणि हे वेगळे. गरोदरपणात ही तक्रार पुष्कळ जणींना होते आणि तिचे मूळ अनेकदा अंगातल्या लोहाच्या कमतरतेत असते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो. आशाताई देतात त्या लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस घ्यायच्या असतात. चहाबरोबर घेतली तर तिचा गुण पुष्कळ वाया जातो. लिंबूपाण्याबरोबर घ्यावी आणि कॅल्शियमची गोळी दुसऱ्या वेळेला. झोपेची गोळी मागायला आलेल्या बाईला खरे तर लोहाची गोळी हवी असते, असे कितीदा तरी होत असेल.

घरगुती उपायांत चिमूटभर जायफळ घातलेल्या कोमट दुधाला आमची हरकत नाही. अख्खे जायफळ उगाळून पिणे मात्र विषारी ठरते. अश्वगंधा गरोदरपणात आपल्या मनाने घेऊ नये. आपल्याकडे मंदसौर-नीमच हा अफूचा मुलूख, त्यामुळे डोडा उकळून देण्याची युक्तीही कोणी सुचवते. ती कधीही करू नये. जन्मलेल्या बाळालाही त्याची तलफ लागते.

रोज एकाच वेळी उठणे, दुपारची डुलकी अर्ध्या तासाची ठेवणे, आणि वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात बसणे, पेंग आली की मगच पुन्हा अंथरुणावर जाणे: हा उपाय ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण गरोदर स्त्रियांवर तो पद्धतशीर वापरून पाहिला गेला आहे आणि गुण येतो. दोन-तीन आठवडे धीर धरावा लागतो.

काही लक्षणांत मात्र वाट पाहू नये. तळहात-तळपायांना रात्री खाज सुटून झोप उडत असेल, तर यकृताची तपासणी लगेच हवी. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर एकाएकी सूज, बाळाची हालचाल मंदावणे, यांत त्याच रात्री दवाखाना गाठावा. मन सतत खचलेले असेल, रडू आवरत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर केव्हाही विनामूल्य बोलता येते. एरवी सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची खास तपासणी असते. त्या दिवशी रक्तदाबाबरोबर झोपेचेही सांगावे, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

घरच्या पुरुषांना एक विनंती. रब्बीत रात्रीची वीज आली की तुम्ही मोटार लावायला उठता, आणि तुमच्याबरोबर तीही चहा करायला उठते. चहा संध्याकाळीच थर्मासात भरून ठेवा आणि निघताना दिवा लावू नका.