हैदराबादेत उतरायचं कुठं?

जळकोटच्या माणसाला मुंबई लांब आणि पुणंही लांबच. शहर बघायला जायचं म्हटलं की आधी हैदराबाद आठवतं. आमच्या आज्या-पणज्यांसाठी तर ती राजधानीच होती. 1956 साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला, तरी सोयरीक, दवाखाना आणि लग्नाचा बस्ता यांसाठी तिकडं जाणं काही थांबलं नाही. जळकोटला रेल्वे नाही. उदगीर गाठायचं, रात्रीची गाडी धरायची, बिदर-जहीराबाद झोपेत मागं टाकायचं आणि पहाटे डोळे चोळत हैदराबादेत उतरायचं.

काय बघायचं यावर घरात फारसा वाद होत नाही. चारमिनार, सालारजंग म्युझियम, चौमहल्ला, गोवळकोंडा, हुसेनसागर आणि पोरांसाठी रामोजी फिल्म सिटी, ही यादी ठरलेली. भांडण होतं ते रूम कुठं घ्यायची यावरून. पोरगा म्हणतो हायटेक सिटीकडं घेऊ, तिथली हॉटेलं झकास असतात. वडील म्हणतात स्टेशनजवळ, आपण पहिल्यापासून तिथंच उतरतो. नकाशा बघणारे भाऊजी सगळ्या ठिकाणांच्या मधोमध बोट ठेवतात आणि आजी म्हणते, "बाबांनो, कुठंबी घ्या, पर मला जिने चढाय लावू नका."

या भांडणाचं उत्तर दोरी आणि वजनं घेऊन काढता येतं, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी चाटच पडलो.

एक फळी घ्यायची आणि तिच्यावर शहराचा नकाशा चिकटवायचा. जिथं जिथं जायचं तिथं एकेक गुळगुळीत भोक पाडायचं. प्रत्येक भोकातून एक दोरी खाली सोडायची आणि वरची सगळी टोकं एकाच गाठीत बांधायची. खालच्या टोकांना वजनं लटकवायची: ज्या ठिकाणाशी आपलं जितक्या वेळा येणं-जाणं, तितकी वजनं. आता फळी आडवी उचलून धरायची आणि गाठ सोडून द्यायची. ती इकडंतिकडं सरकते आणि एका जागी थांबते. एकूण पायपीट कमीत कमी होईल अशी जागा तीच. गणित कुणी केलं नाही, वजनांनी केलं. प्रत्येक वजन जमेल तितकं खाली जाऊ बघतं, म्हणजे फळीवरची आपली दोरी आखूड करू बघतं, आणि सगळ्यांच्या ओढाताणीतून तडजोड निघते ती गाठीपाशी.

या यंत्राला फ्रेंच गणिती वारिन्योंचं नाव आहे. प्रश्न त्याहून जुना. सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितीने तो घातला: तीन बिंदू दिलेत, तिघांपासूनच्या अंतरांची बेरीज सगळ्यात कमी कुठं होईल? तो सोडवला टॉरिचेलीनं. शाळेत हवेच्या दाबाच्या धड्यात पाऱ्याची नळी घेऊन भेटतो तोच हा टॉरिचेली. तीन सारखी वजनं असली आणि बिंदूंच्या त्रिकोणाचा प्रत्येक कोन 120 अंशांहून लहान असला, की गाठीपाशी दोऱ्यांमध्ये बरोबर 120 अंशांचे तीन कोन होतात. 1909 साली आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थतज्ज्ञानं हाच हिशेब कारखान्यांना लावला: कोळसा एकीकडं, खनिज दुसरीकडं, बाजार तिसरीकडं, मग कारखाना कुठं? आपण कारखान्याच्या जागी लॉज लिहायचा, बस.

खरी गंमत पुढं आहे. दोरी कितीही लांब असली तरी तिची ओढ तिला टांगलेल्या वजनाएवढीच असते. म्हणजे रामोजी फिल्म सिटी शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे ती त्याच दिशेनं उचलून तीनशे किलोमीटरवर नेली, तरी गाठ जागची हलत नाही! माझा आधी यावर विश्वास बसेना. पण विचार करा. हॉटेल एक किलोमीटर तिकडं सरकवलं तर वाचतो एकच किलोमीटर, मग ते ठिकाण तीस किलोमीटरवर असो की तीनशे. लांबच्या ठिकाणाला जायचंय म्हणून हॉटेल त्या बाजूला ओढणारे जसे फसतात, तसेच भाऊजींसारखे सगळ्या ठिकाणांची सरासरी काढून बोट ठेवणारेही फसतात. सरासरीला लांबचं ठिकाण खेचून नेतं, गाठीला नेत नाही.

आता वजनं कशी मोजायची? इथं बहुतेकांचं चुकतं. यादीत सहा ठिकाणं म्हणून सहा वजनं, असं नाही. दिवसभरात आपण एकातून दुसरीकडं, दुसऱ्यातून तिसरीकडं जातो. त्या मधल्या फेऱ्यांशी हॉटेलचा काही संबंध नाही. हॉटेल बदललं म्हणून चौमहल्ल्यापासून चारमिनारचं अंतर बदलत नाही. हॉटेलला शिवतात त्या फक्त दोन फेऱ्या, सकाळची पहिली आणि रात्रीची शेवटची. आणि दुपारी परत आलो तर आणखी दोन.

समजा या वेळी बसनं शनिवारी पहाटे पोचलो. शुक्रवार मुद्दाम टाळलाय, कारण त्या दिवशी सालारजंग आणि चौमहल्ला दोन्ही बंद. इमलीबनच्या बसस्टँडवरून रूमवर, हे पहिलं वजन बसस्टँडचं. आंघोळी उरकून जुन्या शहरात. सालारजंगमधल्या त्या नामांकित घड्याळासमोर दर तासाला गर्दी जमते; एक छोटा बाहुला बाहेर येऊन घंटेवर टोले देतो. बाराला गेलं तर बारा टोले, म्हणून पोरांना बारालाच न्यायचं. मग जेवण, आणि आजीला पडायला रूमवर. उन्हं उतरली की पुन्हा लाड बाजार, बांगड्या, चारमिनारची रोषणाई. जुन्या शहराची झाली चार वजनं. रविवारी रामोजी, सकाळी जाणं आणि रात्री येणं, दोन. सोमवारी आधी गोवळकोंडा आणि शेवटी हुसेनसागरची बोट, म्हणून दोघांना एकेक. रात्री जेवून पुन्हा बसस्टँड, आणखी एक.

बेरीज दहा. त्यातली चार जुन्या शहराची आणि दोन बसस्टँडची. चारमिनार ते इमलीबन अंतर दोन-अडीच किलोमीटर, म्हणजे आपल्या हिशेबाला ती जवळपास एकच जागा. आणि इथं त्या फळीचा दुसरा नियम लागू होतो: एका भोकाला निम्म्याहून जास्त वजन असेल तर बाकीच्यांनी कितीही ओढलं तरी गाठ त्याच भोकात जाऊन बसते. दहापैकी सहा. हायटेक सिटी बाद आणि भाऊजींचं बोटही बाद! स्टेशन तिथून फार लांब नाही, म्हणजे वडिलांची खोड बरोबर निघाली, फक्त कारण त्यांना सांगता येत नव्हतं.

हा नियम आपल्याकडं लोकांनी दोरीशिवायच ओळखला होता. तुळजापूरला आपण पुजाऱ्याच्या घरी उतरतो. नांदेडला गुरुद्वाऱ्याची यात्री निवासं गुरुद्वाऱ्याला लागून आहेत. यात्रेकरूचं सगळं वजन एकाच भोकाला, मग गाठ दुसरीकडं जाईल कशाला? हैदराबादेत नामपल्ली स्टेशन 1907 साली झालं, आणि पुढं सातव्या निजामाच्या काळात स्टेशनाजवळच प्रवाशांसाठी सराय उभी राहिली. डोक्यावर वळकटी आणि हातात ट्रंक असलेल्या माणसाचं पहिलं आणि शेवटचं वजन स्टेशनच.

बघण्यासारखं इतकं सगळं मुसी नदीच्या दक्षिणेला एकाच जागी का साठलंय, हेही पाहण्यासारखं आहे. 1578 साली मुसीवर जुना पूल झाला आणि गोवळकोंड्याची माणसं नदीपार येऊ लागली. 1591 मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहानं चारमिनार मधोमध ठेवून चार दिशांना चार रस्ते सोडले आणि नवं शहर आखलं. पुढं निजामाचे महाल आणि दिवाणांच्या देवड्या त्याच्याच आसपास आल्या. रेल्वे आली ती नदीच्या उत्तरेला. म्हणून आजही बघायचं दक्षिणेला आणि उतरायचं उत्तरेला, मधे मुसी आणि तिच्यावरचे पूल. उत्तर काठावरचे सुलतान बाजार, काचीगुडा, जांबाग हे भाग मराठी माणसांचे जुने. जांबागेत 1907 साली केशवराव कोरटकर, वामनराव नाईक या मंडळींनी विवेकवर्धिनी ही मराठी शाळा काढली. शाळा काढायला त्यांनी फळी-दोरी आणली नसणार. पण बसस्टँड, रेल्वे आणि बाजार या तिन्हींच्या मधे ही वस्ती पडते, हे नकाशा उघडला की डोळ्यांत भरतं.

तरीही नकाशा अर्धंच सांगतो. आपल्याला किलोमीटर चालायचे नसतात, वेळ वाचवायचा असतो. 1881 साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं लंडनहून जगात कुठं किती दिवसांत पोचता येतं याचा रंगीत नकाशा केला होता. त्यात जवळचे डोंगर लांब गेले आणि आगबोटीच्या वाटेवरची बंदरं जवळ आली. हैदराबादेत हेच काम 2017 पासून मेट्रो करते. नामपल्लीत बसलं की गांधी भवन, उस्मानिया मेडिकल कॉलेज आणि तिसऱ्या स्टेशनाला इमलीबन. तीच लाल लाइन पुढं एल. बी. नगरला जाते, म्हणजे रामोजीच्या दिशेला. दुसऱ्या बाजूला लकडीकापूल, खैरताबाद, म्हणजे हुसेनसागरच्या जवळ. मिनिटांच्या नकाशावर या लाइनवरची सगळी ठिकाणं एकमेकांना चिकटतात. गोवळकोंडा तेवढा आडबाजूला राहतो, तिथं ऑटो ठरवायचा. तिथल्या साडेतीनशेच्या वर पायऱ्या आजीला काही चढवणार नाहीत. तिला फत्ते दरवाजाखाली बसवायचं, टाळी वाजवायला सांगायचं आणि आपण वर बाला हिसारला उभं राहून ऐकायची.

जागा ठरली. आता वेळेचा हिशेब, आणि यात पैसे जास्त जातात. स्टेशनाजवळचे बरेच लॉज चोवीस तासांवर चालतात: आत शिरलात त्या मिनिटापासून चोवीस तास म्हणजे एक दिवस. मोठी हॉटेलं बारा ते बारा. त्यांचंही खरं आहे, सगळ्या खोल्या एकाच वेळी रिकाम्या झाल्या तर चादरी काढणारी माणसं एका दमात मजला आवरतात. पण आपण मराठवाड्यातली माणसं पहाटे पाचला दारात उभी! शनिवारी पहाटे पाच ते सोमवारी रात्री दहा हे झाले 65 तास. चोवीसच्या हिशेबानं तीन दिवस. बारा ते बारामध्ये शनिवारी दुपारपर्यंतचा एक, मग रविवार दुपारपर्यंत दोन, सोमवार दुपारपर्यंत तीन आणि त्या रात्रीच्या जेवणापर्यंत चार. तेवढाच मुक्काम आणि एक दिवसाचं भाडं जास्त. पाटीवरचा दर कमी दिसला म्हणून खूश होऊ नये, आधी दिवस मोजावेत. बारा ते बारावालेही कधी कधी शेवटच्या दिवशी बॅगा काउंटरमागं ठेवू देतात, पण आंघोळीला आणि आजीच्या झोपेला बॅगेत जागा नसते.

राहता राहिला मजला. गच्चीवर सोलरची टाकी असते आणि गरम पाणी उभ्या पाइपातून खाली येतं. रात्रभर पाइपातलं पाणी गार पडलेलं असतं. नळ सोडला की आधी तेच येतं. एक इंच आतल्या मापाचा तीस मीटर पाइप धरला तर त्यात पंधरा लिटर पाणी मावतं, म्हणजे जवळजवळ एक बादली. म्हणून खालच्या मजल्यावरचा गिऱ्हाईक पहाटे "गरम पाणी येतच नाही" म्हणून ओरडतो आणि मॅनेजर शांतपणे सांगतो, "थोडा छोड के देखो साब." दोघंही खरं बोलत असतात. वरच्या मजल्यावर पाणी लवकर गरम येतं, पण टाकी डोक्याजवळच असल्यामुळं धार बारीक. खाली धार जोरात, पण पहिली बादली गार.

आजीला तळमजला किंवा पहिला मजला पाहिजे, म्हणजे पहिली बादली गारच येणार. ती भरून बाजूला ठेवायची आणि पोरांच्या हातपाय धुण्याला वापरायची. फोनवर रूम ठरवताना भाड्याच्या आधी मॅनेजरला तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: चोवीस तास की बारा ते बारा, गरम पाणी सोलरचं की रूममध्ये गीझर, आणि लिफ्ट आहे का, असली तर लाइट गेल्यावर जनरेटरवर चालते का. शेवटचा प्रश्न आजी शेजारी बसून ऐकत असेल तर मोठ्यानं विचारावा. आणि मोठ्या माणसांचं प्रत्येकाचं आधार कार्ड वरच्या पिशवीत ठेवावं. पहाटे पाचला काउंटरसमोर सगळ्या बॅगा उघडायला लागल्या की गणित कितीही बरोबर आलेलं असो, आजी सोफ्यावर बसून पेंगत राहते.