बदलतं लग्न : भाग ५ – अर्धा कोयता

मागच्या आठवड्यात आपण दक्षिण कोरियातल्या मुलींचा हिशेब पाहिला. नोकरी करून घरी आल्यावर स्वयंपाक, मूल, सासर पुन्हा त्यांच्याच माथी. बाळंतपणासाठी रजा घेतली की बढती हुकते. म्हणून त्या लग्नच टाळतात. २०२३ साली तिथला जननदर बाईमागे ०.७२ मुलांवर आला. त्यांना नाही म्हणता आलं, कारण पगार त्यांच्या स्वतःच्या हातात होता.

आता बीडला या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत या जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. राज्याचा आकडा त्याच्या निम्मा, २१.९.

अडाणीपणा म्हणून हे झटकून टाकू नका. बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीला मिळते, म्हणून पोराचं लग्न ही कमाईची गरज होऊन बसते. पोरीच्या घरची अडचण वेगळी. आई-बाप दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघतात, ते उन्हाळ्यात परततात. तोवर पोर गावात ठेवायची तर राखणीला थकलेली आजी. सोबत न्यायची तर फडाकडेची कोपी, तिला दार नाही. आई अंधारातच ऊस तोडायला जाते. चौदा वर्षांची पोर मागं चूल पेटवते, धाकट्याला कडेवर घेते, आणि शाळा तिथंच सुटते. मग घरात एकच वाक्य घुमतं: एकदा उजवून टाकू, म्हणजे घोर मिटला.

घोर मिटत नाही, तो पोरीच्या अंगावर जातो. कोवळ्या वयात बाळंतपणं, आजारपणात खाडा पडला की दंड. तो चुकवायला गर्भपिशवीच काढून टाकण्यापर्यंत वेळ येते. २०१९ साली बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली.

नाही म्हणणाऱ्या पोरी मराठी मुलखातही आहेत. शिकलेल्या मुली शेतकरी नवरा नको म्हणतात. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात लग्न न जुळणाऱ्या तरुणांनी नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. गर्भलिंगनिदानाचा कायदा कडक राबवा, ही त्यांची मागणी रास्तच होती. २०११च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. पण जन्मलेल्या मुलींच्या ‘अपेक्षा वाढल्या’ म्हणून कुरकुरणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. आईचे कष्ट डोळ्यांनी पाहिलेल्या मुलीनं तेच जिणं नाकारलं, तर ती शहाणी आहे.

तिला ते नाकारता यावं म्हणून आधी हंगामभर दार लागणारी खोली आणि शाळा हवी. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१मध्ये मंजूर झाली आहे. टोळ्या निघण्याआधी तुमच्या गावातल्या पोरींची नावं तिथं लागतील असं पाहा. आणि शेजारी अठराखालच्या मुलीची सुपारी फुटली असेल तर १०९८ला फोन करा, नाहीतर ग्रामसेवकाला गाठा. गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच आहे.