खुशालीचा ठराव

कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात योसेमिटी खोऱ्यापासून माउंट व्हिटनीच्या ४,४२१ मीटर उंच शिखरापर्यंत जॉन म्यूर ट्रेल नावाची पायवाट जाते. लांबी सुमारे ३४० किलोमीटर. वाटेत उंच खिंडी, सरोवरं, पाइनची रानं आणि ग्रॅनाइटचे उघडे कडे. मधल्या मोठ्या टप्प्यात गाडीरस्ता कुठेच आडवा येत नाही आणि बहुतेक वाटेवर मोबाईलला रेंज नसते. इथे एकट्याने चालणाऱ्यांच्या सॅकच्या पट्ट्याला आता मुठीत मावेल एवढं एक यंत्र लटकलेलं दिसतं, सॅटेलाइट मेसेंजर. मी ही वाट चालले तेव्हा माझ्याकडेही ते होतं. त्याच्या सोबतीनं एक गोष्ट मला पक्की कळली. या यंत्राचं अर्धं काम डोंगरात होतं, उरलेलं अर्धं निघण्याआधी घरच्या टेबलाशी बसून करावं लागतं.

माझं यंत्र गार्मिनचं इनरीच मिनी २, वजन १०० ग्रॅम. ते इरिडियमच्या उपग्रहांशी बोलतं. या जाळ्यात ६६ उपग्रह आहेत, सहा कक्षांमध्ये प्रत्येकी अकरा. सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून ते जवळजवळ थेट उत्तर-दक्षिण फिरतात आणि साधारण शंभर मिनिटांत पृथ्वीची एक फेरी पुरी करतात. त्यामुळे कोणताही एक उपग्रह आपल्या आभाळात फार तर दहाएक मिनिटं असतो. तो मावळेपर्यंत दुसरा वर आलेला असतो. डोक्यावरच्या उपग्रहाला त्या क्षणी जमिनीवरचं केंद्र दिसायला हवं, अशी अट नाही. बांधकामावर घमेली हातोहात पुढे जातात तसा निरोप एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे सरकतो आणि केंद्र असेल तिथे खाली उतरतो. तिथून पुढे तो नेहमीच्या इंटरनेटने घरी पोचतो. भर समुद्रात आणि ध्रुवांजवळही हे जाळं चालतं ते याच रचनेमुळे.

यंत्राला आभाळ मात्र मोकळं लागतं. ईव्होल्यूशन खोऱ्यातल्या कुरणात निरोप मिनिटभरात जायचा. तोच निरोप दाट पाइनखाली किंवा कड्याला लागून पाठवला की पंधरा-वीस मिनिटं अडून राहायचा. अरुंद घळीत आभाळाची पट्टीच दिसते आणि उपग्रह ती झपाट्यानं ओलांडतो. अशा वेळी यंत्र हातात धरून वर-खाली करण्यात अर्थ नसतो. जरा उघड्यावरचा खडक शोधायचा, अँटेना आभाळाकडे करून यंत्र त्यावर ठेवायचं, आपण बाजूला व्हायचं आणि ओढ्याचं पाणी गाळायला बसायचं. आपलं अंगही लहरी अडवतं. चार-दोन मुक्कामांनंतर तंबूची जागा बघताना नजर आपोआप वर जाऊ लागली. पाणी, सपाट जमीन, वाऱ्याचा आडोसा आणि पुरेसं आभाळ, या चारही गोष्टी बघूनच मी सॅक खाली ठेवायची.

घरचं काम याच्या कितीतरी आधी झालं होतं. सॅन होजेला आमच्या फ्रिजवर एक कागद लावला होता. त्यावर रोजचा अंदाजे मुक्काम, तंबूचा आणि जाकिटाचा रंग, माझी औषधं, वनपरवान्याचा क्रमांक, मधूनच बाहेर पडायच्या वाटा आणि कोणत्या भागात काय झालं तर कोणत्या कार्यालयाला फोन करायचा, एवढं लिहिलं होतं. खाली ठराव होता. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास निरोप येईल. एखाद्या दिवशी आला नाही तर काहीच करायचं नाही, कारण झाडी, घळ किंवा संपलेली बॅटरी एवढंच कारण असू शकतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतही निरोप नाही आणि नकाशावरचा ठिपकाही पुढे सरकलेला नाही, तर नॅशनल पार्कच्या कार्यालयाला फोन करायचा.

ठिपका म्हणजे माझा माग. यंत्र दर दहा मिनिटांनी जागा नोंदवतं आणि घरच्यांना ती नकाशावर दिसते. ही सोय चांगली, पण ठराव नसेल तर तीच जीव खाते. ठिपका तासभर हलला नाही म्हणजे माणूस पडला, असं घरी बसलेल्याला वाटतं. तो माणूस तेव्हा सरोवराकाठी जेवत असतो. गप्प राहण्याचा अर्थ आधीच ठरवून ठेवला की घरचे शांत झोपतात आणि खरी वेळ आली की उशीरही करत नाहीत.

निरोप लिहिणं हेही शिकण्यासारखं काम आहे. हातात १६० अक्षरं असतात. मी मराठीतच लिहायची, रोमन लिपीत. नाशिकला आईला ईमेल जायचा. सिएरातले संध्याकाळचे सात म्हणजे तिच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात, त्यामुळे माझा मुक्काम तिला चहाच्या वेळी कळायचा. सुरुवातीला मी 'काळजी करू नकोस' लिहायची. मग लक्षात आलं की या शब्दांतून कळत काहीच नाही. पुढे क्रम ठरून गेला. कुठे आहे, कशी आहे, उद्या कुठे जाणार आणि पुढचा निरोप कधी. 'म्यूर खिंड उतरले. पाय ठीक, जेवण झालं. उद्या लकाँट खोरं. पुढचा निरोप उद्या रात्री, उशीर होईल.' यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं, कारण ऐकणाऱ्याला किती वेळ थांबायचं ते त्यातून कळतं.

म्यूर खिंड ३,६४४ मीटरवर आहे. माथ्यावर सिएरा क्लबनं १९३० साली बांधलेली दगडी खोपी आहे. आजूबाजूला झाड नाही, आडोसा नाही. उन्हाळ्यात या भागात दुपारी ढग जमतात आणि विजा पडतात. आदल्या संध्याकाळी मी यंत्रावरून हवामानाचा अंदाज मागवला होता. तो निरोपासारखाच येतो. तापमान, वारा आणि पावसाची शक्यता, सगळं तासागणिक. दुपारनंतर वादळाची शक्यता दिसली म्हणून अंधारातच चालायला लागले आणि ऊन वर यायच्या आत खिंड ओलांडली. संकटात मदत मागण्याआधी, संकट टाळायला हे यंत्र असं उपयोगी पडतं.

खाली लकाँट खोऱ्यात साठीच्या घरातले एक गृहस्थ वाटेच्या कडेला बसले होते. गुडघा सुजला होता, पण पाय टेकवता येत होता. यंत्र हातात होतं आणि आपत्कालीन मदत मागायच्या लाल बटणावरचं झाकण तसंच बंद होतं. त्यांनी आधी स्वतःला प्रश्न विचारले, माझ्या देखत, मोठ्यानं. जीव धोक्यात आहे का? नाही. चालता येईल का? हळूहळू. अन्न आहे का? आहे. मग त्यांनी बायकोला लिहिलं. गुडघा दुखावला, बिशप खिंडीतून बाहेर पडतो, परवा दुपारी साऊथ लेकला गाडी घेऊन ये. तिथून साऊथ लेकचा गाडीरस्ता वीसेक किलोमीटरवर, वाटेत ३,६४९ मीटरची खिंड. वीस मिनिटांनी उत्तर आलं, 'येते. सावकाश चाल.' त्या तीन शब्दांनी त्यांचा चेहरा सैल झाला. सॅकमधला जड भाग आम्ही दोघांनी वाटून घेतला आणि फाट्यापर्यंत बरोबर चाललो.

त्यांनी झाकण उघडून बटण दाबून धरलं असतं तर काय झालं असतं? उलटी मोजणी संपल्यावर त्यांची जागा टेक्सासमधल्या आपत्कालीन केंद्रात गेली असती. तिथे चोवीस तास माणसं बसलेली असतात. त्यांनी विचारलं असतं, काय झालंय, किती जण आहात, शुद्धीवर आहात का. दरम्यान घरच्या नंबरांवर फोन गेला असता आणि किंग्ज कॅन्यन नॅशनल पार्कच्या बचावपथकाला कळवलं गेलं असतं. पुढचा निर्णय पथकाचा. रेंजर पायी येईल की हेलिकॉप्टर, हे जखम, उजेड आणि वारा बघून ठरतं. हेलिकॉप्टरने उंचावर उतरणं पायलटसाठीही जोखमीचं असतं. त्यामुळे लाल बटण जीव वाचवण्यासाठी राखून ठेवायचं आणि तशी वेळ आली तर दाबताना क्षणभरही संकोच करायचा नाही.

जुन्या आपत्कालीन बीकनमध्ये ही बातचीत नव्हती. १९८२ सालापासून कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेनं अशा बीकनच्या जोरावर असंख्य माणसं वाचवली आहेत आणि ती आजही तितकीच भरवशाची आहे. पण बीकन फक्त जागा सांगतो. गुडघा सुजलाय की डोकं फुटलंय, हे मेसेंजरवर सांगता येतं, आणि त्यावरून पथक किती धोका पत्करायचा ते ठरवतं.

सह्याद्रीत किंवा हिमालयात हे यंत्र न्यावं का, असं मला ओळखीचे ट्रेकर विचारतात. माझं उत्तर स्पष्ट आहे, परवान्याशिवाय नाही. भारतात उपग्रहावर चालणारी संपर्कसाधनं सरकारी परवानगीविना बाळगणं बेकायदा आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना अशाच उपकरणांमुळे अडवण्यात आलं होतं. परदेशातून घरी येताना सॅकच्या कप्प्यात ते विसरूनही राहू देऊ नका.

ठरावाला मात्र परवाना लागत नाही. राजगडावर जा, हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेला जा, जाण्याआधी घरी कागदावर लिहून ठेवा. कोणत्या वाटेनं चढणार, कोणत्या वाटेनं उतरणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. पायथ्याच्या गावात ज्या घरी पाणी प्याल, तिथेही एवढं सांगून जा. आपल्याकडे स्थानिक गिर्यारोहक स्वतःची कामं टाकून रात्री-अपरात्री शोधाला निघतात. नेमकी वाट आणि नेमकी वेळ हातात असली तर त्यांच्या शोधाचे कित्येक तास वाचतात. जखमी माणसाच्या दृष्टीनं त्या तासांइतकं मोलाचं दुसरं काही नसतं.