ऐतिहासिक कादंबरी : एक अध्यापन-घटक

हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी कुमारवयीन वाचकांच्या अनेक पिढ्यांनी आवडीने वाचली आहे. वर्गात मात्र अशा कादंबरीतील एखादा उतारा शिकवून त्याखालील प्रश्न सोडवून घेतले की काम संपले, असे मानले जाते. त्याऐवजी संपूर्ण कादंबरी हाच एक घटक धरून तीन-चार आठवडे भाषा, इतिहास व भूगोल यांचे अध्यापन तिच्याभोवती गुंफता येईल.

आरंभ नकाशापासून करावा. १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वये शिवाजी महाराजांना २३ किल्ले मोगलांस द्यावे लागले. त्यांत कोंढाणा होता. पुणे, कोंढाणा व राजगड यांची स्थाने विद्यार्थ्यांनी स्वतः शोधली, म्हणजे तो गड परत घेण्याची निकड निराळी समजावून द्यावी लागत नाही.

तथापि या अभ्यासाचा खरा गाभा तुलनेत आहे. फेब्रुवारी १६७० मधील त्या रात्रीची हकीकत सभासदाच्या बखरीत, तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात आणि आपट्यांच्या कादंबरीत येते. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीत निवडक मावळे वानरांप्रमाणे कडा चढतात. घोरपड भेटते ती पोवाड्यात. कमलकुमारीचे करुण कथानक कादंबरीतले. महाराजांचा शोकोद्गार बखरीतही आहे, परंतु तेथे एक गड मिळाला व दुसरा गेला असा भाव आहे, सिंह नाही. शिवाय ‘सिंहगड’ हे नाव १६६३ मधील पत्रातच आढळते, म्हणजे तानाजी मालुसरे धारातीर्थी पडण्याच्या सात वर्षे आधी.

हे सांगितल्यास मुलांचा आदर ओसरेल, ही भीती अनाठायी वाटते. तानाजींचे बलिदान तिन्ही ठिकाणी आहे. लेखकाने येथे भर का घातली असावी, असे विचारताच आठवीतील मुलेही चटकन बोलू लागतात. उदयभानू हा मोगलांच्या चाकरीतील राजपूत किल्लेदार. त्याला कादंबरीने खलनायक केले, ते कथेच्या गरजेपोटी की पुराव्याच्या आधारे, हेही त्यांनाच ठरवू द्यावे. तीन रकान्यांचा एक तक्ता भिंतीवर लावून प्रत्येक तासिकेला त्यात नोंद केली, तर वेगळ्या साधनांची गरज नाही.

अडचण असते ती प्रतींची. आपटे १९१९ मध्ये निवर्तले. त्यामुळे या कादंबरीवर आता स्वामित्वहक्क उरलेला नाही व शाळेला प्रकरणांच्या प्रती काढता येतात. गावातील सार्वजनिक ग्रंथालयाच्या खरेदीत पाच-सहा प्रतींची तरतूद पंचायत सदस्यांनी सुचविल्यास गटवाचनाची सोय होईल.