व्हिडिओत ‘मंदिर’चं ‘मंदरि’ का होतं? शैक्षणिक व्हिडिओ बनवताना येणाऱ्या अडचणी आणि त्यावरचे उपाय



दुसरीतल्या एका मुलाच्या वहीत मला ‘मंदरि’ असा शब्द दिसला. एकदा नाही, पाच वेळा, अगदी सुवाच्य अक्षरात. “अरे, हे काय लिहिलंस?” म्हटलं, तर तो म्हणाला, “सर, तुमच्याच व्हिडिओत तसं आहे.” घरी जाऊन पाहिलं. खरंच होतं. आपल्या राजूरच्या गणपतीवर मी परिसर अभ्यासासाठी सहा मिनिटांचा व्हिडिओ केला होता. त्यात ‘मंदिर’चं ‘मंदरि’ आणि ‘अंगारकी चतुर्थी’चं ‘चतुर्‌थी’ झालं होतं. माझं सगळं लक्ष कळसावरून सरकणाऱ्या ढगांकडे आणि उड्या मारत येणाऱ्या शीर्षकाकडे. अक्षरं मी नीट वाचलीच नाहीत. आणि तो व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर आठवडाभर फिरला!

म्हणून आज या विषयावर सविस्तर लिहितो. हलणारी अक्षरं, बाण, नकाशे यांना मोशन ग्राफिक्स म्हणतात आणि एका चित्रावर दुसरं चित्र बेमालूम बसवण्याला कंपोझिटिंग. आपल्यापैकी बरेच जण आता हे करतात. काही बिघडलं की आपण सॉफ्टवेअरला दोष देतो, काढून पुन्हा टाकतो. पण माझा अनुभव असा, की चूक बहुतेक वेळा आधीच शिरलेली असते: शूटिंगच्या वेळी, फाइल कॉपी करताना किंवा फॉन्ट निवडताना. सॉफ्टवेअर फक्त ती दाखवतं.

आधी अक्षरांचंच बघू, कारण बाकी चुकांनी व्हिडिओ वाईट दिसतो, या चुकीने मूल चुकीचं शिकतं.

युनिकोडमध्ये ‘दि’ साठवताना आधी ‘द’ आणि मग ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते. पडद्यावर मात्र वेलांटी ‘द’च्या आधी काढायची असते. ही अदलाबदल करणं, जोडाक्षरं जुळवणं, रफार डोक्यावर चढवणं हे अक्षरं रेखाटणाऱ्या इंजिनाचं काम. इंजिन फक्त इंग्रजी लिपीपुरतं चालत असेल तर ते आलेल्या क्रमानेच अक्षरं मांडतं. मग वेलांटी ‘द’च्या नंतर येते, म्हणजे ‘र’ला चिकटते, आणि ‘मंदरि’ तयार होतं. तुमचं टायपिंग शंभर टक्के बरोबर असूनही!

आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप या भागात मजकुराचं इंजिन निवडता येतं. तिथे साउथ एशियन हा शब्द असलेला पर्याय निवडा (आवृत्तीनुसार नाव थोडं वेगळं दिसेल), प्रोजेक्ट बंद करून पुन्हा उघडा. प्रीमियरमध्ये हीच सोय ग्राफिक्सच्या भागात आहे. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये असा पर्याय सापडलाच नाही, तर इंकस्केप किंवा गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मजकूर लिहा, पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून पीएनजी चित्र काढा आणि ते व्हिडिओवर बसवा. शब्द चित्रच झाल्यावर तो मोडत नाही. मात्र दुरुस्ती करायची तर मूळ फाइल जपून ठेवा.

जुन्या पद्धतीचे, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणं बसवलेले फॉन्ट वापरत असाल, तर दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ते सोडाच. मुक्त, बालू किंवा नोटो सान्स देवनागरी हे युनिकोड फॉन्ट मोफत मिळतात. मी आता प्रत्येक नवीन प्रोजेक्टमध्ये आधी एक ओळ टाकून बघतो: “दुसऱ्या विद्यार्थिनीच्या कॅमेऱ्यात क्षितिज, ॲप, चतुर्थी.” यात वेलांटी, रफार, ‘ऱ्या’, ‘क्ष’ आणि ‘ॲ’ सगळं येतं. ‘ऱ्या’कडे विशेष लक्ष ठेवा. हिंदीत तो लागत नाही, त्यामुळे काही फॉन्टमध्ये त्याची सोयच धड नसते.

आता हिरव्या पडद्याकडे वळू. आमच्या एका सहकारी मॅडमनी जालना जिल्ह्याच्या नकाशासमोर उभं राहून पाठ घेतला. पडदा हिरव्या कापडाचा. हिरवा रंग काढून टाकल्यावर मॅडमच्या मनगटावर भोकरदन तालुका दिसायला लागला! हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या ना. सॉफ्टवेअरला बांगडी आणि पडदा यातला फरक कळत नाही, त्याला फक्त रंग कळतो. मॅडमनी बांगड्या काढायचं काही कारण नव्हतं. आम्ही निळं कापड लावलं. (मग निळा गणवेश घालून आलेला मुलगा अर्धा गायब झाला, ती वेगळी गोष्ट. समोर कोण उभं राहणार आहे ते बघून कापड निवडा.)

केसांभोवती हिरवी झाक राहते ती कापडावरून परावर्तित झालेल्या प्रकाशामुळे. कापडापासून पाच-सहा फूट पुढे उभं राहा, झाक बरीच कमी होते. कापड इस्त्री करा, कारण सुरकुतीची सावली म्हणजे सॉफ्टवेअरच्या दृष्टीने वेगळाच हिरवा रंग. इतकं करूनही कडा करवतीसारख्या दिसतात, त्याचं कारण मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवली जाते, पण रंगाची माहिती साधारण चार ठिपक्यांमागे एकदाच. रंगावरून कापायचं तर धार बोथट असणारच. त्यात तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून आलेला असेल तर आणखी कठीण. मूळ फाइल केबलने घ्या.

ट्यूबलाइटखाली शूट केल्यावर चित्रावरून पट्टे सरकतात का? आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा. किंवा सरळ खिडकीजवळ शूट करा.

आवाज आणि ओठ सुरुवातीला जुळतात, दहाव्या मिनिटाला जुळत नाहीत, ही तक्रार बरेच जण करतात. मोबाइल उजेडाप्रमाणे सेकंदाला कधी 30, कधी 26 फ्रेम घेतो, आणि एडिटिंग सॉफ्टवेअर एकच ठरावीक वेग धरून चालतं. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल आधी कॉन्स्टंट फ्रेम रेटवर काढून घ्या. आवाज हाताने मागेपुढे सरकवत बसू नका, एका ठिकाणी जुळवला की दुसरीकडे निसटतो.

“लॅपटॉप खूपच स्लो आहे, सर.” याचाही हिशेब मांडून बघू. 1920 बाय 1080 ची एक फ्रेम मेमरीत उघडली की सुमारे 8 एमबी. सेकंदाला 25 फ्रेम म्हणजे 200 एमबीच्या वर. दहा सेकंदांचा प्रिव्ह्यू म्हणजे 2 जीबी! आपल्या लॅपटॉपला रॅम 4 जीबी, त्यातली निम्मी विंडोजच खातं. प्रिव्ह्यू हाफवर ठेवा. लांबी-रुंदी दोन्ही निम्मी झाल्याने लागणारी मेमरी चौथाई होते. अंतिम व्हिडिओच्या दर्जावर काही परिणाम होत नाही.

पारदर्शक शीर्षक बनवलं, पण व्हिडिओवर टाकल्यावर मागे काळी चौकट आली, असं झालं तर फाइल कोणत्या प्रकारात काढली ते बघा. नेहमीच्या एमपी4 मध्ये पारदर्शकता टिकत नाही. पीएनजी फ्रेमची मालिका काढा. तिचा आणखी एक फायदा आपल्या गावाकडे फार मोलाचा आहे. रेंडर चालू असताना लाइट गेली तर अर्धवट एमपी4 बहुधा उघडतच नाही. पीएनजीच्या 1200 फ्रेम झाल्या असतील तर शेवटची अर्धवट फ्रेम तपासून तिथूनच पुढे चालू करता येतं.

रंगीत पट्ट्या किंवा ‘मीडिया ऑफलाइन’ दिसलं तर घाबरू नका. व्हिडिओ गेलेला नाही, फक्त पत्ता बदललाय. पेनड्राइव्ह काल ई होता, आज एफ झाला, एवढंच. प्रोजेक्टमध्ये चित्रं नसतात, चित्रांचे पत्ते असतात. सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि तेच फोल्डर हलवा.

आणि यातलं काहीच लागू पडत नसेल तर? घरात फ्यूज उडाल्यावर आपण काय करतो? सगळी बटणं बंद करून एकेक चालू करतो. तसंच करा. फाइलची एक प्रत ठेवा, सगळ्या लेयर बंद करा, एकेक चालू करत जा. जिथे बिघडलं तिथे थांबा आणि त्या लेयरचे इफेक्ट एकेक करून बंद करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि नीट झालं, तर कशाने झालं हे पुढच्या वेळी सांगता येणार नाही.

पालकांनाही एक विनंती. मुलांचा प्रकल्प-व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर पाठवताना गॅलरीतून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही. आणि आमच्या व्हिडिओत अक्षर चुकलेलं दिसलं तर सरांना कसं सांगायचं, असा संकोच करू नका. त्या आठवड्यात तो व्हिडिओ कितीतरी घरांत पाहिला गेला, एकाही घरातून फोन आला नाही. मी तो दुरुस्त करून पुन्हा पाठवलाय. जुना मोबाइलमध्ये असेल तर कृपया डिलीट करा.