चित्रकला शिकताना मेंदूत नेमकं काय बदलतं? स्कॅनमध्ये काय दिसलं, वाचा

'माझा हातच चित्रकलेचा नाही', 'कल्पकता उपजतच असावी लागते' ही वाक्यं आपल्याकडे घरोघरी ऐकू येतात. पण कल्पकतेचं काम शिकता येतं आणि ते शिकताना मेंदूही बदलतो, असं संशोधनात दिसलं आहे.

अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजमध्ये ३५ विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील १७ जण तीन महिने चित्रकलेचा प्राथमिक अभ्यासक्रम शिकत होते, उरलेले १८ नव्हते. या काळात दर महिन्याला त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग झालं.

नजर तीच, विचार वेगळा

चित्र शिकलं की नजर तयार होते, असं आपण म्हणतो. इथे मात्र नजरेच्या चाचण्यांत लक्षणीय फरक पडलाच नाही! सुधारलं ते माणसाची आकृती समोर पाहून रेखाटण्याचं कौशल्य आणि एकाच गोष्टीचा अनेक अंगांनी विचार करण्याची क्षमता. त्याच वेळी कपाळामागच्या भागातील 'व्हाइट मॅटर'मध्ये, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंमध्ये, फेररचना दिसली. थोडक्यात, बदल वायरिंगमध्ये झाला. अर्थात, ३५ हा आकडा लहान आहे, हे विसरून चालणार नाही.

नुसता रियाज पुरेसा आहे का?

स्वीडनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये ३९ पियानोवादकांचा अभ्यास मांडला. जागेवर सुचेल तसं वाजवण्याचा अनुभव जितके तास जास्त, तितकं मेंदूतील नियंत्रण ठेवणाऱ्या भागांचं काम कमी आणि हालचालींचं नियोजन करणाऱ्या भागांचा ताळमेळ अधिक, असं त्यात आढळलं. शास्त्रीय पियानोच्या सरावाचे तास आणि वय हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. पाठ केलेली बंदिश गाणं आणि जागेवर तान सुचणं, यातला फरक गाणं शिकणाऱ्यांना वेगळा सांगायला नको. मुलांना क्लासला घालणाऱ्या पालकांनी मात्र तिथे घोटून घेण्याशिवाय मुलाला स्वतःचं काही करू देतात का, हे जरूर विचारावं.

सराव सोडला तर?

याबाबत जर्मनीतील २००४ चा एक प्रयोग बोलका आहे. तो चित्रकलेचा नव्हता, तीन चेंडू हवेत झेलत ठेवण्याच्या कसरतीचा होता. तीन महिन्यांच्या सरावानंतर हालचाल टिपणाऱ्या भागातील 'ग्रे मॅटर' वाढलं होतं. मग सराव थांबवला. पुढच्या तीन महिन्यांत ही वाढ बरीचशी ओसरली.