राजपुत्राची सावली आणि खोक्यातल्या फ्लॉप्या

इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळलाय? हात वर करा पाहू. बरेच आहेत. आणि त्या साठ मिनिटांत राजकन्येला सोडवलं किती जणांनी? बघा, निम्म्याहून जास्त हात खाली गेले.

मीही त्या खाली गेलेल्या हातांतलाच. नव्वदच्या दशकात आमच्या गावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये हा गेम पहिल्यांदा पाहिला. शिकायला गेलो होतो डॉस. सर चहाला गेले की कुणीतरी खिशातून फ्लॉपी काढायचा. एक जण कीबोर्डवर आणि चौघं मागे उभे, “शिफ्ट दाब, शिफ्ट!” असं ओरडत. गेम अर्थातच चोरून कॉपी केलेला. पहिली पातळी संपली की अक्षरं लिहिलेल्या बाटल्यांची एक खोली यायची. पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर ओळखा आणि तीच बाटली प्या. ती पुस्तिका आमच्यापैकी कुणी जन्मात पाहिलेली नव्हती! मग अंदाजपंचे एखादी उचलायची. नंतर कुणीतरी बातमी आणली की गेम सुरू करताना ‘मेगाहिट’ हा शब्द टाकला की चीटकोड चालतात. तो कुठून आला, कुणालाच माहीत नव्हतं.

पण आज नुसत्या आठवणी काढायच्या नाहीत. दोन प्रश्न घेऊ. हा गेम एवढा लक्षात का राहिला? आणि लक्षात राहिला म्हणजे टिकला का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर राजपुत्राच्या चालीत आहे. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने १९८५ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी हे काम सुरू केलं. त्याने धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं आणि त्याचं चित्रीकरण केलं. मग एकेक चित्र थांबवून त्यावरून आकृती काढली. तलवारबाजीसाठी १९३८ च्या रॉबिन हूड चित्रपटातलं द्वंद्व वापरलं. म्हणजे आपण ज्याला खड्ड्यात पाडत होतो, त्याच्या मागे एक खराखुरा मुलगा धावत होता. म्हणून तो पडला की आपल्याच पोटात गोळा यायचा.

आता गंमत ऐका. या सगळ्या हालचालींनी मेमरी भरून गेली. राजपुत्राला तोडीस तोड शत्रू हवा होता, पण त्याची वेगळी चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती. मग मेक्नरने राजपुत्राचीच चित्रं पुन्हा वापरली. चित्र स्वतःवरच एक ठिपका सरकवून ठेवायचं आणि दोन्हींची तुलना करायची. जिथे दोन्ही ठिपके सारखे, तिथे काळं. जिथे वेगळे, तिथे उजळ. याला ‘एक्सॉर’ क्रिया म्हणतात. त्यामुळे आतला भाग काळा होतो आणि फक्त कडा चमकत राहतात. अशी जन्मली ती सावली, आरशातून उडी मारल्यावर बाहेर पडणारी. पुढे तिच्यावर वार केला की आपलंच आयुष्य कमी होतं. तलवार म्यान करून तिच्यात मिसळावं लागतं. गेममधली सर्वांत सुंदर कल्पना जागेच्या टंचाईतून आली.

आता दुसरा प्रश्न. गेम १९८९ मध्ये आला. आपल्याकडे खेळला गेला तो पुढच्या वर्षीच्या डॉस आवृत्तीत. पण ॲपल टू साठी लिहिलेला मूळ सोर्स कोड पुढे खुद्द मेक्नरलाही सापडेना. तयार गेम आणि सोर्स कोड यांत फरक आहे. वाढलेली भाजी आणि तिची कृती यांत असतो, तसा. भाजी पुष्कळांनी खाल्ली, कृतीची वही मात्र हरवली.

२०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात एक खोकं मिळालं. आत साडेतीन इंची फ्लॉप्या. याच वडिलांनी, फ्रान्सिस मेक्नर यांनी, गेमला संगीत दिलं होतं. पण फ्लॉपीवरची माहिती चुंबकीय असते, वर्षागणिक विरत जाते. म्हणून जेसन स्कॉट आणि टोनी डियाझ या जाणकारांना बोलावलं, जपून वाचन केलं आणि कोड शाबूत निघाला. तो आज सर्वांना पाहायला खुला आहे.

प्रत्येक गेमचं नशीब असं नसतं. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत.

आपल्याला वाटतं, आठवण आहे म्हणजे वस्तू आहे. तसं नसतं. आठवण उलट गोड होत जाते आणि तिकडे फ्लॉपी विरत जाते. म्हणून घरी गेल्यावर माळा, कपाट बघा. जुन्या फ्लॉप्या मिळाल्या तर रद्दीत घालू नका. मिळेल त्या ड्राइव्हमध्ये पुन्हापुन्हा घालूनही बघू नका. आधी जाणकाराकडून प्रत काढून घ्या. आणि एक वही घ्या. क्लास कुठे होता, कोण खेळायचं, कोण ओरडायचं, ‘मेगाहिट’ कुणी आणला, ते लिहून ठेवा. कोड एखाद्या खोक्यात सापडेल. हे मात्र कुठल्याच फ्लॉपीवर नाही.

आता प्रश्न घेऊ. आणि ज्यांनी राजकन्येला सोडवलं, त्यांनी आधी बोला.